खेळण्यास योग्य

९ ऑगस्ट
ऑलिम्पिक ग्राम, सहावा मजला

ताई,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

तू माझ्या दोन मजले खाली आहेस. पण काल दुपारपासून तुझा फोन बंद आहे आणि सकाळी तीनदा दार वाजवलं तरी तू उघडलं नाहीस. आत होतीस, नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. म्हणून हे दाराखालून सरकवते.

आत्ताच हॉस्पिटलमधून आले. नर्सनं दोन मिनिटं आत सोडलं. भिंगरीनं मला ओळखलं. हसली. मग विचारते, "कॅप्टन, आपली बस किती वाजता आहे?"

मी म्हटलं, "कसली बस?"

"क्वार्टर फायनलची."

मॅच काल झाली, ताई. आपण हरलो, सगळा देश ते बघून टीव्ही बंद करून झोपला, आणि ही पोरगी अजून बसची वाट बघतेय.

ती कोण आहे हे तुला सांगायची खरं तर गरज नाही. पण तू ज्या 'खेळाडू क्रमांक ७' च्या कागदावर सही केलीस ती कोण, हे तू विसरलेली दिसतेस. बावीस वर्षांची आहे. बापानं आयुष्यभर बस चालवली. बास्केटबॉलच्या संघात सगळ्यांत बुटकी, आणि बॉल हातात आला की जागच्या जागी अशी गर्रकन फिरते की सव्वासहा फुटी बाया एकमेकींवर आपटतात. नाव मीच ठेवलं तिचं, भिंगरी.

मंगळवारी गटातल्या शेवटच्या मॅचला तिचं डोकं लाकडी फरशीवर आपटलं. तो आवाज मला बेंचपर्यंत ऐकू आला. बुधवारी तू तिला तपासलंस आणि लिहून दिलंस, 'खेळण्यास योग्य'. काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या सेंटरला खेळणाऱ्या उंच बाईचं कोपर तिच्या कानाखाली बसलं. फार जोरात नाही. असली कोपरं आम्ही दिवसाला दहा खातो. पण ती सरळ खाली गेली आणि पडताना तिचे हात पुढे आले नाहीत. माणूस पडताना हात पुढे करतोच गं. झोपेतसुद्धा करतो.

तू काय तपासलंस? पाच शब्द लक्षात ठेव, महिने उलटे म्हण, एका पायावर उभी राहा. तिनं घडाघडा म्हणून दाखवलं आणि झालं तुझं समाधान! डोळे बघितलेस तिचे? की कोच दारात उभा होता म्हणून घाई होती? "डॉक्टर, मला कागद हवाय, कारणं नकोत," असं तो म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू संघाची डॉक्टर आहेस की त्याची कारकून?

दार उघड. नाहीतर निदान हॉस्पिटलात जाऊन तिच्यासमोर उभी राहा.

— धाकटी


२३ ऑगस्ट
घरी

ताई,

पेपर वाचलास ना? की आता पेपरही बंद?

महासंघाच्या सचिवांचं निवेदन पहिल्या पानावर आहे. मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. 'सदर खेळाडूने आपली लक्षणे वैद्यकीय पथकापासून लपवली. तरी या दुर्दैवी घटनेस ती स्वतः जबाबदार असून पुढील उपचारांची जबाबदारी महासंघावर येत नाही.' सदर खेळाडू! चार महिन्यांपूर्वी, आपण ऑलिम्पिकला पात्र ठरलो त्या दिवशी, हेच सचिव तिला खांद्यावर घ्यायला निघाले होते. फोटोत दिसतात बघ, ती वर आणि हे खाली, तोंड भरून हसताहेत.

लपवली म्हणे. बावीस वर्षांच्या पोरीनं एक डॉक्टर, दोन फिजिओ, एक कोच आणि एक मॅनेजर, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली! एवढी हुशार असती तर त्यांच्या सेंटरला चकवून बास्केट टाकली नसती का?

आणि तू गप्प. निवेदनाखाली तुझं नाव नाही, पण तुझं 'नाही'सुद्धा कुठे नाही.

काल आईचा फोन आला. मी म्हटलं, "तुझ्या मोठ्या लेकीला सांग, तोंड उघड म्हणावं."

आई म्हणाली, "ती माझ्याशीही धड बोलत नाही. दवाखान्यात जाते, घरी येते, ताटावर बसते आणि उठते."

"तिला झोप येते का विचार."

"तूच विचार. मी काय तुमची पोस्टमन आहे? एका खोलीत वाढलात दोघी. एक भिंतीवर बॉल आपटायची आणि दुसरी त्या आवाजात अभ्यास करायची. तेव्हा तर कधी भांडला नाहीत."

"भांडायचो. तुला कळायचं नाही."

"मला सगळं कळायचं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

लोक मला रस्त्यात थांबवून अभिनंदन करतात. जगात आठवे आलो म्हणे. अठरा वर्षं हा खेळ खेळून पोट भरतेय मी. चार क्लब झाले, तीन परक्या भाषांत शिव्या खायला शिकले, दोन्ही घोट्यांत स्क्रू आहेत. पहिल्या ऑलिम्पिकला तेरावी होते, बारा जणी गेल्या. दुसऱ्या वेळी गुडघा. तिसऱ्या वेळी पोचले, पस्तिसाव्या वर्षी. त्यासाठी लोकांनी माझ्याशी हात मिळवला की वाटतं, हात काढून घ्यावा.

चौकशी समिती नेमली आहे. तिथं तरी बोलणार आहेस का?

— धाकटी


१२ सप्टेंबर

ताई,

आज भिंगरीच्या घरी गेले होते.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत ती असते. खिडकीवर जाड चादर खिळ्यांनी ठोकली आहे, कारण उजेड डोळ्यांत घुसतो. भांड्याचा आवाज सहन होत नाही म्हणून तिची आई स्वयंपाक जवळजवळ हवेतच करते, पातेलं ओट्यावर टेकवताना खाली फडकं धरते. मी आले म्हणून ती उठून बसली आणि लगेच भिंतीला हात लावला. खोली फिरते म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "भिंगरी मी आणि फिरते खोली." मी हसावं म्हणून थांबली. मी हसले, ताई. दुसरं काय करणार होते?

दहा मिनिटांनी ती दमली. बाहेर आले तर वडील दारात चप्पल घालून उभे. "खालपर्यंत सोडतो," म्हणाले. जिन्यात एक मजला उतरलो. मग कठड्याला धरून थांबले.

"कॅप्टन, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना काका."

"पेपरात आलंय ते खरं आहे का हो? तिनं लपवलं? मी तिला विचारलं तर म्हणते, आठवत नाही. तिला त्या आठवड्यातलं काहीच आठवत नाही. पण लहानपणी पाटी फोडली तरी घरी येऊन सांगायची ती. माझी पोर खोटं बोलेल असं वाटत नाही मला. तुम्ही तिच्या खोलीत होता. तुम्हाला माहीत असेल."

त्या माणसानं एकोणतीस वर्षं बस चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लावला नाही, हे ते मला आधी दोनदा सांगून झाले होते. आणि आता ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे काका. निघेल सगळं बाहेर."

असं सचिव बोलतात. मी सचिवांसारखं बोलले. खाली येऊन गाडीत बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

का बोलले नाही ते तू मला विचारू नकोस. तुला विचारायचा अधिकार नाही. सही तुझी आहे. डॉक्टर तू आहेस. मी फक्त खेळते. मी कॅप्टन होते, म्हणजे नाणेफेक आणि रेफ्रीशी हुज्जत, एवढंच काम. बाकी काही झालं असेल तर ते तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसानं ओळखायला हवं होतं. नाही का?

बघ, बास्केटबॉलमध्ये नाणेफेक नसतेच. काय लिहितेय मी.

— धाकटी


२९ सप्टेंबर

ताई,

दोन महिन्यांत तुझं एक पत्र, तेही सात ओळींचं. इथं उतरवते, म्हणजे मी काही गाळलं असं तुला म्हणता येणार नाही.

'तिची उत्तरं बरोबर होती. जरा जास्तच बरोबर होती. महिने उलटे म्हणताना जुलैपाशी ती अडली आणि तिनं दाराकडे पाहिलं. दारात तू होतीस. तुझे ओठ हलले. मी पाहिलं. समितीला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मागे एकदा तुझ्या गुडघ्याला मी नाही म्हणाले होते, तर दोन वर्षं बहीण गेली माझी. या वेळी नाही म्हणवलं नाही.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय वाटलं सांगू? संताप. म्हणजे तुला कळलं होतं! कळून सही केलीस! मी इथं दोन महिने समजतेय की तू फसलीस, आणि तू डोळे उघडे ठेवून फसलीस. मी पत्र चुरगाळलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा चुरगाळलं.

मग लिहायला बसले आणि हात थांबला. कारण तुला शिव्या घालायच्या तर आधी दारात कोण उभं होतं ते लिहावं लागतं.

तर लिहिते.

बुधवारी सकाळी ती उठली आणि बुटांच्या लेस बांधता येईनात. दोनदा गाठ मारली, दोनदा सुटली. नाश्त्याच्या रांगेत मला विचारलं, "उद्या कोणाशी आहे आपली?" मी सांगितलं. ताट घेऊन बसलो तर पुन्हा तेच विचारलं. मला त्या क्षणी सगळं समजलं. डॉक्टर नाही मी, पण अठरा वर्षांत असली डोकी पाहिली आहेत. एका क्लबमधली माझी जोडीदारीण अशाच डोक्यानं संपली.

आणि मी काय केलं? तिला खोलीत नेलं, दार लावलं, पलंगावर बसवलं आणि पाठ करून घेतलं. तुझे प्रश्न मला माहीत होते, इतक्या वेळा मलाच विचारले गेलेत. आजचा वार, तारीख, कोणाशी हरलो, कितीनं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. पाच शब्दांच्या तुझ्याकडे तीन याद्या आहेत, तिन्ही मला तोंडपाठ. तिला एकेका शब्दाला बोट मोजायला शिकवलं. एका पायावर उभं राहताना नजर कुठे रोखायची ते दाखवलं. तासभर घोकून घेतलं. मध्येच ती म्हणाली, "कॅप्टन, मला मळमळतंय." मी म्हटलं, "मॅचच्या आधी सगळ्यांनाच होतं. पुन्हा म्हण."

पुन्हा म्हण, असं म्हटलं मी तिला.

का, ते सरळ आहे. तिच्याशिवाय आम्ही वीस पॉइंटांनी हरलो असतो. तिच्यासोबत कदाचित जिंकलो असतो. आणि माझ्यासाठी पुढचं ऑलिम्पिक नव्हतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं.

आणि गुडघ्याचं. तेव्हा तू नाही म्हणालीस म्हणून मी आज चालते आहे. हे मला तेव्हाही समजत होतं. तरी आईच्या घरात सगळ्यांसमोर म्हणाले की तुला माझं बघवत नाही, लहानपणापासून जळतेस. दोन वर्षं तुझा वाढदिवससुद्धा टाळला. मीच तुला शिकवलं, नाही म्हटलं की काय होतं ते. आणि तू शहाण्या मुलीसारखी शिकलीस.

पण ताई, मला वाचवायला तू गप्प बसली असशील तर ते थांबव. मी मागितलं नव्हतं. तुझ्या गप्प बसण्यानं मी वाचते, तू वाचतेस, कोच वाचतो, सचिव वाचतात, आणि ती काळोखात पडलेली पोरगी एकटी खोटारडी ठरते. एवढ्या मोठ्या माणसांना लपायला पाच फूट पाच इंचांची मुलगी!

समितीनं मला सोळा तारखेला बोलावलंय. मी सांगणार आहे. तू काय करायचं ते तू ठरव.

— धाकटी


१९ ऑक्टोबर

ताई,

सोळा तारखेला समितीच्या बाहेरच्या बाकावर तू होतीस. आपण एकमेकींना पाणीही विचारलं नाही. तुझे केस कानापाशी पांढरे झालेत, हे मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. तू माझ्यानंतर आत गेलीस, म्हणून आधी आत काय झालं ते तुला सांगते.

तिघे होते. मधला अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, गोड बोलणारा. मी सगळं सांगितलं. लेस, मळमळ, तीन याद्या, जुलै. टाइप करणाऱ्या बाई सुरुवातीला भराभर टाइप करत होत्या, मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

अध्यक्ष म्हणाले, "कॅप्टन, तुमच्या भावना समजू शकतो. पण हे सगळं नोंदवलंच पाहिजे का? प्रकरण आता शांत होतंय. तुमची कारकीर्द उजळ आहे. शेवटी कशाला डाग?"

मी म्हटलं, "साहेब, त्या मुलीला डाग लावताना तुम्ही कुणी विचारलं होतं का, कशाला म्हणून?"

"आवाज खाली ठेवा."

"नाही ठेवणार. अठरा वर्षं कोर्टवर ओरडून तुमच्यासाठी पदकं मागितली, तेव्हा कुणाला आवाज मोठा वाटला नाही. लिहा बाई. मी इथून उठणार नाही. जुलै लिहा."

त्या बाईंनी अध्यक्षांना न विचारता लिहिलं, ताई. मान खाली घालून, पण लिहिलं. मग मी कोचचं वाक्य सांगितलं, कागद हवाय, कारणं नकोत. त्यावर डावीकडचे गृहस्थ म्हणाले, "याला साक्षीदार?" मी म्हटलं, "बाहेर बाकावर बसलीय."

तू आत काय बोललीस ते मला आज कागद आल्यावर कळलं. तू जुलै सांगितलास. वाक्यही सांगितलंस. शब्दाला शब्द.

निकाल तुलाही आला असेल. मला कायमची बंदी. क्लबनं दुपारीच पत्र पाठवलं, सभ्य भाषेत. तू एक वर्ष संघापासून लांब. कोचला 'समज'. समज! जणू वर्गात खडू फेकला त्यानं. पुढच्या मोसमात तो पुन्हा बेंचवर हात बांधून उभा असेल आणि कुणा दुसऱ्या डॉक्टरकडून कागद मागेल. माझं रक्त अजून उकळतंय आणि ते मी थंड होऊ देणार नाही. अपील लिहायला घेतलंय.

पण 'लपवली' हे वाक्य काढलंय. तिच्या उपचारांची जबाबदारी आता महासंघाची आहे, लेखी. तेवढं मिळालं.

तो कागद घेऊन दुपारी मी तिच्याकडे गेले. चादर अर्धी वर केली होती. हल्ली दुपारी तासभर चालतं म्हणे. मी तिला सगळं सांगितलं. तिला आठवत नसलेला तो बुधवार मी तिला दिला. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "आणि मॅच?"

"मॅचचं काय?"

"मी कशी खेळले? ऑलिम्पिकची क्वार्टर फायनल खेळले आणि मला एक मिनिट आठवत नाही. व्हिडिओ बघायला डोळे चालत नाहीत. सगळे म्हणतात मस्त खेळलीस. तू सांग. खरं."

मी सांगितलं. "पहिल्या क्वार्टरमध्ये तीनदा बॉल त्यांच्या हातात दिलास. एकदा फ्री थ्रो आपला असताना दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिलीस. मी तुझ्यावर ओरडले. दुसऱ्यात एक पास टाकलास, माझ्याकडे न बघता, दोघींच्या मधून, मी नुसता हात लावला आणि बास्केट झाली. तसा पास मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. नंतर तू वाकून गुडघ्यांवर हात ठेवलेस आणि मी विचारलं, ठीक ना? तू मान हलवलीस. बाकी सगळं वाईट. तू खूप वाईट खेळलीस."

"म्हणजे दिसत होतं."

"हो."

"तुला दिसत होतं."

"हो."

"तू कोचला खूण केली असतीस तर टाइम-आउट मिळाला असता. मी बाहेर आले असते."

"हो."

तिनं चादरीच्या कडेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू म्हणालीस मी खेळू शकते, म्हणून मला वाटलं असेल की मी ठीक आहे. कॅप्टनला कळतं ना. जा आता तू."

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाली, "डॉक्टरांना पाठव. एकट्यांना. त्यांच्याकडूनही मला ऐकायचंय."

बुधवारी चारला जा. त्या वेळी तिला उजेड सोसतो. बेल वाजवू नकोस, दारावर हलकेच टकटक कर. वडील उघडतील. ते काही विचारणार नाहीत, तूच सांग.

मी खाली गाडीत थांबेन. तू खाली आल्यावर बोलायचं नसेल तर नको बोलूस. आईकडे सोडते तुला.

— तुझी धाकटी